सरळ चालली होती की!

"सरळ चालली होती की रे. आता वाकडी का केलीस?"

आबांचं हे वाक्य गेले कित्येक महिने डोक्यातून जात नाही. भांडी घासताना आठवतं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये आठवतं, रात्री कूस बदलताना तर हमखास. आवाजात भीती नव्हती, तक्रारही नव्हती. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाने पोराच्या शेजारी बसून सहज टाकावं, तसं टाकलेलं वाक्य. फक्त आम्ही तेव्हा गाडीत नव्हतो. खाली अटलांटिक होता, वर आभाळ होतं, आणि या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे आहे ते आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं. आणि आबा हे बोलले ते नेमकं मी विमान सरळ केलं त्या क्षणी. त्याच्या आधीचं अर्धं मिनिट ते उजवीकडे कलंडून समुद्राकडे घसरत होतं. त्या अर्ध्या मिनिटात आम्हा बापलेकांना ते अगदी सरळ, शहाण्यासारखं चाललंय असंच वाटत होतं.

खरं सांगायचं तर माझं अंगही आबांच्याच बाजूने होतं.

आई गेल्यानंतरच्या वर्षी आबा पहिल्यांदा न्यू जर्सीला आले. "इथे माणसं राहतात तरी कुठे रे?" असं विचारायचे, कारण खिडकीतून मोटारी दिसायच्या, माणूस दिसायचा नाही. न्यूयॉर्क झालं, नायगारा झाला, देऊळ झालं. मग म्हटलं चला, तुम्हाला माझ्या गाडीत बसवतो. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी काढलेला खासगी वैमानिकाचा परवाना, वहीत जेमतेम 140 तासांचं उड्डाण, आणि भाड्याने मिळणारं चार सीटचं जुनं सेसना 172. आबांनी विमानाभोवती एक फेरी मारली, टायर अंगठ्याने दाबून बघितला, तेल गळतंय का म्हणून इंजिनाखाली वाकले आणि म्हणाले, "ओमनीपेक्षाही चेपून बसायचं म्हणजे." डेपोतून गाडी काढण्याआधी रोज करायचे तेच सगळं. मला एकदम बरं वाटलं. कॉलेजात असताना बापाच्या खाकी कपड्यांची थोडी लाज वाटायची, हे या वयात कबूल करायला हरकत नाही. आणि त्या दिवशी मात्र त्यांच्याकडून 'जमतंय हो तुला' एवढं ऐकायला मी कासावीस झालो होतो.

ऑगस्टच्या अखेरचा शनिवार होता. ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यापासून नऊ-दहा मैलांवर ब्लॉक आयलंड नावाचं चिमुकलं बेट आहे. अडीच हजार फुटांची एकच धावपट्टी. दुपारी जायचं, मासे खायचे, कड्यावरून समुद्र बघायचा आणि दिवस मावळायच्या आत परत, असा बेत होता. पण आबा त्या कड्यावर बसले ते बसलेच. "समुद्र आपल्यासारखाच आहे, पण वास नाही याला." तिथला विटांचा दीपगृहाचा वाडा कडा ढासळायला लागला म्हणून 1993 साली अख्खा उचलून आत सरकवलाय, हे कळल्यावर तर तिथून हलायलाच तयार नाहीत. जॅक कुठे लावले असतील, खाली रूळ टाकले असतील का, एवढं वजन तोललं कसं. मीही घाई केली नाही. बापाला अमेरिकेतलं काहीतरी पहिल्यांदाच मनापासून आवडलं होतं. दिवा लागला तेव्हा तो हिरवा निघाला. "हिरवा म्हणजे जा," आबा हसून म्हणाले. विमानतळावर पोचेपर्यंत पुरता अंधार झाला होता. पिठोरी अमावास्या दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे चंद्राचा प्रश्नच नव्हता. हवेत उन्हाळ्याच्या शेवटची धुरकट दमट साय होती. कागदोपत्री मात्र सगळं ठीक. दृश्यता सहा-सात मैल, वारा मंद, ढग नाहीत.

भारतात सूर्य मावळल्यावर नुसत्या नजरेच्या भरवशावर लांबच्या प्रवासाला निघायची मुभा नाही. फ्लाइंग क्लबांची विमानतळाभोवतीची शिकवणी वगैरे सोडली, तर रात्री उडायचं ते उपकरणांचे नियम पाळूनच. अमेरिकेत तसं नाही. गेल्या नव्वद दिवसांत रात्रीच्या अंधारात तीनदा उतरून, पूर्ण थांबून दाखवलेलं असलं की माणसं शेजारी बसवून न्यायची परवानगी असते. मी ते केलं होतं. पण कुठे, तर न्यू जर्सीत. तिथे रात्र असते तरी कुठे? खाली महामार्गांच्या लाल-पांढऱ्या माळा, गोदामांचे पिवळे दिवे, पलीकडे मॅनहॅटन पेटलेलं. क्षितिज दिसत नसलं तरी जमीन कुठे संपते ते दिव्यांवरून नेमकं कळतं. मी जिला रात्र समजत होतो ती नुसती दिवे लावलेली संध्याकाळ होती.

धावपट्टीच्या टोकाशी वळून उभा राहिलो. आबांनी तोंडानेच "टिंग टिंग" केलं. कंडक्टर नव्हता ना, डबल देणार कोण!

पश्चिमेच्या तोंडाने उडालो. बाजूचे पांढरे दिवे सर्रकन मागे गेले, कठड्यासारखा कडा गेला, आणि पुढची काच एकदम काळी झाली. काळी म्हणजे घोंगडं टाकल्यासारखी. मागच्या हिरव्या दिव्याची पुसट झाक पंखाखाली एकदा येऊन गेली. त्यानंतर काही नाही. डावीकडे थोडं वळून लाँग आयलंडच्या माँटॉक टोकाचा रस्ता धरायचा, साडेतीन हजार फुटांवर जायचं, एवढंच काम होतं. दीड हजार फुटांच्या आसपास रेडिओची पुढची फ्रिक्वेन्सी बघायला गेलो आणि मांडीवरचा टॉर्च घसरून पायाशी पडला. लाल काचेचा छोटा टॉर्च. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढरा उजेड ती कमाई एका झटक्यात उडवतो, म्हणून लाल. मी वाकलो. एक हात योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर, दुसरा पेडलजवळ चाचपतोय, मान खाली आणि तिरकी. वीस-पंचवीस सेकंदं, फार तर. टॉर्च सापडला. वर बघितलं.

"खाली पण चांदण्या आहेत का रे?" आबांनी विचारलं.

होड्या होत्या त्या, मासेमारीच्या. पण त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. धुरकट हवेत वरचे तारे आणि खालचे दिवे सारखेच मिणमिणत होते, आणि त्यांच्यामध्ये समुद्र कुठे संपला ते सांगणारी एकही खूण नव्हती. मी काचेतून बघत राहिलो आणि मला छान वाटत होतं. हेच मला पुढे फार छळणार होतं, की तेव्हा मला छान वाटत होतं. पोटात गोळा नाही, छातीत धडधड नाही, सीट पाठीला नीट टेकलेली. पहिला संशय कानाला आला. इंजिनाचा सूर चढला होता. ड्रायव्हरचा पोरगा मी, घाटात उताराला लागलेल्या गाडीचा आवाज पाळण्यात असल्यापासून ऐकलेला. पण आम्ही तर चढत होतो. मग तबकड्यांकडे नजर गेली. सहा गोल तबकड्यांत वर मधोमध असते ते कृत्रिम क्षितिज, अर्धं निळं अर्धं तपकिरी. त्यातली आडवी रेघ तिरकी झाली होती. थोडीथोडकी नव्हे. विमान चाळीसेक अंश उजवीकडे कललेलं. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचा काटा उलटा फिरत होता. चढणारं विमान मिनिटाला सातशे फुटांनी खाली चाललेलं, वेग ऐंशी नॉटवरून एकशे दहावर.

मला वाटलं, तबकडी बिघडली.

ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण पहिला विचार हाच होता. दुसरा विचार आलाच नाही, त्याआधी हात योक स्वतःकडे ओढायला निघाला. उंची जातेय ना, मग ओढ. कुणीही हेच करेल. पण कललेल्या विमानात नुसतं ओढलं की ते वर जात नाही, वळण आणखी आवळलं जातं. आवळलं की नाक आणखी खाली, नाक खाली गेलं की वेग आणखी, म्हणून आणखी ओढायचं. असा भोवरा धरत ते खाली जातं. इंग्रजीत या वळणाचं नाव स्मशानावरून ठेवलंय. शिकताना माझे गुरुजी एकच घोकून घ्यायचे, आधी पंख, मग नाक. थ्रॉटल मागे घेतलं, रेघ आडवी होईपर्यंत योक डावीकडे फिरवला, मग हलकेच नाक उचललं. सगळं मिळून सहा-सात सेकंद. रेघ आडवी झाली, काटे स्थिरावले.

आणि माझ्या सगळ्या अंगाने एकमुखाने सांगितलं की आता विमान डावीकडे कललंय. आतापर्यंत सरळ होतं आणि या शहाण्याने ते वाकडं केलं. मी उजवीकडे झुकून बसलो. मुद्दाम नव्हे, अंगच झुकलं, उतरत्या पायरीवर बसल्यासारखं. नेमक्या त्याच वेळी आबा म्हणाले, "सरळ चालली होती की रे. आता वाकडी का केलीस?"

आता माझी अवस्था बघा. एका बाजूला माझे दोन कान, माझं पोट, माझी पाठ, शिवाय माझा बाप, ज्याने तीस वर्षांत एकदाही गाडी कुठे घासली नाही आणि ज्याचं एकच तत्त्वज्ञान होतं, 'गाडी बुडाखाली कळली पाहिजे'. दुसऱ्या बाजूला पेल्याच्या तोंडाएवढी एक तबकडी, तीही भाड्याच्या जुन्या विमानातली. आयुष्यात आबांचं ऐकलं नाही असं पुष्कळदा झालं. सायन्स घेऊ नको म्हणाले, घेतलं. इथे येऊ नको म्हणाले, आलो. पण ते बरोबर आहेत असं हाडामासातून वाटत असताना त्यांचं न ऐकणं, हे पहिल्यांदाच. "हो आबा, थोडं वळायचं होतं," मी म्हटलं. खोटंच. आणि त्या रेघेवर डोळे लावून बसलो. आबांनी हात पुढे करून माझ्या कोपराच्या वर धरला. दाबला नाही, ओढला नाही, नुसता धरला.

आमच्या आजीकडे या सगळ्याला एकच शब्द होता, चकवा. अमावास्येच्या आसपास माणूस बाजारातून येताना उशीर करतो, ओळखीची पायवाट धरतो, आणि चालतो चालतो तो पुन्हा त्याच आंब्याखाली येतो. पुन्हा निघतो, पुन्हा तोच आंबा. आजीच्या गोष्टीत चकवा कधी समोर यायचा नाही, घाबरवायचा नाही, हाका मारायचा नाही. म्हणून तर तो बाकीच्या भुतांपेक्षा वाईट. त्याला भेटलेल्या माणसाला आपण चकलोय हे माहीतच नसतं. तो झपाझपा घरीच चाललेला असतो. आजीचा उपायही साधा होता, कळलं की आहे तिथेच बसायचं. पाऊल टाकायचं नाही, पूर्वेला तांबडं फुटेपर्यंत. लहानपणी मला तो उपाय फार मिळमिळीत वाटायचा. रामरक्षा नाही, विस्तव नाही, नुसतं बसायचं? आता वाटतं, बसायला जमीन असणं हीच केवढी चैन.

1954 साली इलिनॉय विद्यापीठातल्या काही मंडळींनी या चकव्याचं मोजमाप केलं होतं. उपकरणांवर उडायचं न शिकलेले वीस जण घेतले, बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था केली आणि घड्याळ लावलं. विसातले वीस हातातून गेले. एकोणीस जण त्याच आवळत जाणाऱ्या वळणात. कुणी वीस सेकंदांत, सगळ्यांत तग धरणारा आठ मिनिटांत. सरासरी 178 सेकंद. शिकाऊ वैमानिकांना हा आकडा घाबरवायला सांगतात. त्याच प्रयोगाचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्याच लोकांना नंतर थोडं शिकवलं, मुख्यतः हात आखडता घ्यायला आणि सावकाश उलट फिरून आल्या वाटेने बाहेर पडायला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांना ते जमलं. म्हणजे तीन मिनिटं हे काही विधिलिखित नव्हे. पण माझी वीस-पंचवीस सेकंदं टॉर्च शोधण्यात गेली होती, हे मी बोटांवर मोजून पाहिलंय.

माँटॉकचा दिवा दिसायला पाच-सहा मिनिटं लागली असतील. मग टोकाची घरं, मग रस्ता, आणि मग लाँग आयलंडच्या वस्त्यांचे दिवे एकामागोमाग उलगडत गेले. दिवे दिसल्याबरोबर अंग गपकन जागेवर आलं. कुणी खांदे धरून नीट बसवावं तसं. कोपरावरचा आबांचा हातही तेव्हाच गेला. पुढे गार्डन सिटीजवळून जाताना उजवीकडे काळोखात कुठेतरी जुनं मिचेल फील्ड असणार हे मला माहीत होतं. तिथूनच 24 सप्टेंबर 1929 ला जिमी डूलिटल नावाचा फौजी वैमानिक कॉकपिटवर झाकण ओढून उडाला होता, बाहेरचा एक किरणही न बघता, फक्त काट्यांवर. उडाला, चक्कर मारली आणि तिथेच उतरला. पुढच्या कॉकपिटमध्ये खबरदारी म्हणून दुसरा वैमानिक बसवला होता, त्याला काही करावं लागलं नाही. तोवरचे पट्टीचे वैमानिक आपल्या बुडावर विश्वास ठेवणारे, थेट आबांच्या पंथातले. काचेमागची रेघ आपल्यापेक्षा जास्त जाणते, हे मान्य करायला त्या पिढीला काय पडलं असेल याची मला त्या रात्री पहिल्यांदा कल्पना आली.

उतरलो. आबांनी खाली उतरून चाकाला हात लावला, नमस्कार केला तो विमानाला की जमिनीला, कळलं नाही. घरी जाताना गाडीत जुनं काहीतरी गुणगुणत होते. मी काही बोललो नाही.

नंतरच्या रात्री मात्र वाचत बसलो. वाचू नये ते सगळं. राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर 16 जुलै 1999 च्या रात्री आमच्याच न्यू जर्सीतून निघाले होते, बायको आणि मेहुणीला घेऊन. एसेक्स काउंटीचा विमानतळ, माझ्या घरापासून तासाच्या अंतरावर. जवळपास 310 तासांचा अनुभव, त्यातले 55 रात्रीचे. म्हणजे माझ्या दुपटीहून जास्त. त्यांनी बराच वेळ कनेटिकटचा किनारा धरून ठेवला आणि मग मार्थाज व्हिनयार्डकडे जायला समुद्रावर वळले. ब्लॉक आयलंडच्या जवळपासचंच ते पाणी. धुरकट हवा, काळी रात्र. शेवटी उजवं वळण, मिनिटाला 4,700 फुटांहून अधिक वेगाने खाली. चौकशीच्या अहवालात कारण लिहिलंय त्यात विमानाचा दोष नाही. लोक अजूनही 'श्रीमंताचा पोर, उतावळेपणा' असं म्हणून मोकळे होतात. मीही म्हणत होतो. आता उजवीकडचं ते वळण वाचताना माझी मान आपोआप तिरकी होते.

आणि मग 1 जानेवारी 1978. ही तारीख आबांच्या तोंडून लहानपणी ऐकलेली. ते तेव्हा नुकते नोकरीला लागले होते आणि डेपोतल्या रेडिओभोवती सगळे गोळा झाले होते. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक', जंबो जेट, मुंबईहून दुबईला निघालेलं, वांद्र्याच्या समुद्रावर जेमतेम पावणेदोन मिनिटांत कोसळलं. 213 माणसं. त्या गोष्टीने माझी झोप जास्त उडवली, कारण तिथे उलटं घडलं होतं. रात्र, समोर काळा समुद्र, डोळ्यांना आधार नाही, आणि कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिजच बिघडलेलं. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं, आणि ते सरळ करायच्या नादात विमान डावीकडे, आणखी डावीकडे जात राहिलं. कॉकपिटमध्ये आणखी दोघं होते, आणखी तबकड्या होत्या. पण तेवढ्या सेकंदांत कोण खरं, हा निवाडा लागला नाही. म्हणजे मला वाटलेलं 'तबकडी बिघडली' हे काही निव्वळ मूर्खपणाचं नव्हतं. तबकड्या खरंच बिघडतात. माझ्या त्या जुन्या सेसनात क्षितिज चालतं ते इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर, आणि पंप बंद पडला की ते हळूहळू, सभ्यपणे खोटं बोलायला लागतं. म्हणून वळण दाखवणारी तबकडी मुद्दाम विजेवर ठेवलेली असते. एकाचा शब्द प्रमाण मानायचा नाही. वेग काय म्हणतो, उंची काय म्हणते, दिशा फिरतेय का, सगळ्यांना विचारत राहायचं. गावात भांडण मिटवायला बसलेले म्हातारे करतात तेच. मी त्या रात्री एवढं सगळं विचारलं होतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. मी एका रेघेवर भरवसा टाकला आणि ती खरी निघाली.

आबांची परत जायची वेळ जवळ आली तसं मला राहवेना. एका रविवारी सकाळी त्यांना ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत बसवलं. मुलगी माझी नऊ वर्षांची, तिला काम दिलं. "आबा, डोळे मिटा. ही खुर्ची फिरवेल. ज्या बाजूला फिरताय तिकडे अंगठा दाखवायचा." तिने सावकाश, एका लयीत फिरवायला सुरुवात केली. आबांचा अंगठा उजवीकडे. दहा सेकंद, पंधरा सेकंद, खुर्ची त्याच वेगाने फिरतेय. अंगठा हळूहळू वर आला आणि सरळ उभा राहिला. "थांबवलीन," आबा म्हणाले. नात खिदळायला लागली, ती फिरवतच होती. मग मी खूण केली आणि तिने खुर्ची धरून थांबवली. आबांचा अंगठा झटकन डावीकडे. "आता उलटी फिरवतेय." खुर्ची ठार उभी. "आता डोळे उघडा," म्हटलं. उघडले, आणि दोन्ही हातांनी टेबल धरलं.

कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाणी असतं, डोकं फिरलं की पाणी मागे राहतं आणि म्हणून फिरल्याचं कळतं. फिरणं सावकाश असलं की कळतच नाही, आणि एका वेगाने चालू राहिलं की पाणीही सोबत फिरायला लागतं, मग कान म्हणतो सगळं शांत आहे. हे सगळं सांगायची तयारी मी करून ठेवली होती. फुगडी सोडल्यावर अंगण फिरतं ते यामुळेच, हा दाखलाही. पण आबा टेबल धरून माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे त्या दिवशी मी वाकडी केलीस म्हटलं, तेव्हा..."

"तेव्हा सरळ केली होती, आबा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मुलगी आता स्वतःच खुर्चीत बसून गोल गोल फिरत होती. चहा निवला. आबांनी तो तसाच पिऊन टाकला आणि म्हणाले, "आंबा घाटात एकदा झालं होतं मला असं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी चौथीत असतानाचं, जुलैमधलं. रात्रीची कोल्हापूर गाडी, साखरप्याकडून घाट चढताना पुढे दरड आली म्हणून थांबवलेली. पाऊस आणि धुकं एवढं की बॉनेट दिसेना. मागे वळण, वळणाच्या खाली दरी. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. आणि गाडी मागे जायला लागली. "हळूहळू, पण जात होती. मी पाय पुरा दाबला तरी जात होती. मांडी थरथरायला लागली. कंडक्टरला ओरडलो, दगड लाव म्हणून." कंडक्टर उतरला, मागच्या दोन्ही चाकांना दगड लावून आला आणि खिडकीखाली उभा राहून म्हणाला, साहेब, गाडी उभी आहे. आबांनी त्याला शिवी घातली. समोर दिव्यांच्या उजेडात सगळं पुढे पुढे पळताना दिसतंय आणि हा म्हणतो उभी आहे! तेव्हा तो म्हणाला, गाडी नाही चालली, धुकं चाललंय. तरी पटेना. कळत होतं, पटत नव्हतं. पाय ब्रेकवरून उचलायचं धैर्य होईना.

"मग त्याने खालून हात वर केला. म्हणाला, धरा. मी जमिनीवर उभा आहे. गाडी हलली तर हात ओढला जाईल ना?"

"मग?"

"मग काय. धुकं विरेपर्यंत धरून बसलो," आबा म्हणाले. "तो खाली पावसात, मी वर. मागे चाळीस माणसं, सगळी झोपलेली."